यमाची तीन दिवसांची रजा

गेल्या ज्येष्ठ पौर्णिमेस हर्सूल येथील आमच्या घरी सुना-लेकी वडाची पूजा आटोपून आल्या आणि रात्री जेवणे उरकल्यावर नातवाने एक जुना इंग्रजी बोलपट लावला. ‘डेथ टेक्स अ हॉलिडे’, म्हणजे ‘मृत्यू रजा घेतो’, हे त्याचे नाव. वटपौर्णिमेच्या रात्री असले काही पाहावे हे मला प्रथम रुचले नाही. परंतु माझ्या वडील भगिनी, आक्का, “असू दे रे, पाहू तरी” असे म्हणाल्या आणि मी गप्प बसलो. आक्कांना वैधव्य येऊन पुष्कळ वर्षे झाली. या दिवशी त्या पूजेच्या ताटापासून आपण होऊनच दूर राहतात, आणि मीही त्यांस कधी जवळ बोलाविले नाही.

बोलपट १९३४ सालचा, कृष्णधवल, पॅरामाउंट कंपनीचा. आल्बर्टो कासेल्ला या इटालियन लेखकाच्या नाटकावर तो आधारलेला असून मिचेल लायसन यांनी दिग्दर्शित केला आहे. सर्व जग आपणास का भिते हे जाणण्यासाठी मृत्यू तीन दिवस एका राजपुत्राचे रूप घेऊन एका सरदाराच्या वाड्यात पाहुणा म्हणून राहतो. तेवढ्या अवधीत पृथ्वीवर कोणी मरत नाही, फुलेसुद्धा सुकत नाहीत. वाड्यातील ग्रात्सिया नावाच्या मुलीवर त्याचे मन जडते. मुदत संपल्यावर तो आपले खरे रूप प्रकट करतो, तेव्हा ती म्हणते की, मी तुम्हांस आरंभापासून असेच पाहत आले आहे. आणि ती त्याच्याबरोबर निघून जाते. फ्रेड्रिक मार्च या नटाने मृत्यूचे काम फार संयमाने केले आहे.

मृत्यूच्या रजेची ही कल्पना पाश्चात्यांची म्हणून आमचे तरुण कौतुक करतात. कौतुक अवश्य करावे. परंतु आदिपर्वही चाळावे. नैमिषारण्यात देवांनी सत्र आरंभिले आणि यमाने त्यात शमित्याची दीक्षा घेतली. तो तिकडे गुंतल्यामुळे इकडे माणसे मरेनात. तेव्हा घाबरले कोण, तर देव! मर्त्य आणि अमर यांत भेदच उरला नाही, अशी तक्रार घेऊन ते ब्रह्मदेवाकडे धावले. यज्ञपशूचा वध करणारा तो शमिता; अर्थात् आमच्या यमास रजा मिळाली तीही पुन्हा त्याच स्वरूपाच्या कामासाठी. प्रेमात पडण्यास सवड कोठली?

प्रेमाची कथा आपल्याकडे यमाची नव्हे, सावित्रीची. दादासाहेब फाळके यांनी १९१४ साली ‘सत्यवान सावित्री’ हा मूकपट काढला आणि त्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ व ‘मोहिनी भस्मासुर’ यांसह तो लंडनला नेऊन दाखविला. पुढे १९३७ साली बॉम्बे टॉकीजने देविकाराणी आणि अशोककुमार यांना घेऊन ‘सावित्री’ बोलपट केला. फाळक्यांचे धाडस मला विशेष वाटते, कारण ही कथा मुक्याने सांगण्याजोगी नाहीच. हरिश्चंद्राचे दुःख डोळ्यांना दिसते. सावित्रीचा सारा पराक्रम मात्र जिभेवर आहे.

वनपर्व पाहा. यम येतो तो रक्तवस्त्र नेसून, मुकुट धारण करून, हाती पाश घेऊन. रेड्याचा तेथे उल्लेख नाही. तो अंगठ्याएवढा पुरुष देहातून काढून दक्षिणेकडे चालू लागतो आणि ही मागोमाग निघते. माघारी जा, असे त्याने सांगताच ती म्हणते, सात पावले बरोबर चाललेल्यांची मैत्री होते, तेव्हा मित्राचे दोन शब्द ऐका. यम ऐकतो, आणि तिच्या वाणीतील अक्षर, स्वर, व्यंजन आणि युक्तिवाद या सर्वांची वाखाणणी करतो! आयुष्यभर मुलांचे उच्चार सुधारण्यात गेलेल्या माझ्यासारख्यास हे स्थळ किती प्रिय असेल ते सांगावयास नको. ‘याच्या प्राणावाचून काहीही माग’ असे म्हणत म्हणत तो चार वर देऊन बसतो. चौथ्यात सत्यवानापासून शंभर पुत्र येतात, आणि पाचव्या वेळी ती अट घालावयाचेच विसरतो. ग्रात्सिया मृत्यूबरोबर जाते. सावित्री त्याला बोलता बोलता अडवून परत येते.

हे सर्व मी उत्साहाने सांगत होतो. मुले ऐकत होती. तेवढ्यात आक्का सहज स्वरात म्हणाल्या, “त्या मुलीने त्याला आधीच ओळखले होते ना? हे गेले त्या पहाटे मीही ओळखले होते रे. पण माझ्याशी बोलायला कोणी थांबले नाही.”

मजपाशी उत्तर नव्हते. सावित्रीचे व्रत तीन रात्रींचे होते, आक्कांनी तर दवाखान्यात त्याहून किती अधिक रात्री काढल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोथी काढून त्यांच्याजवळ बसलो. सावित्री यमास काय विचारते ते वाचून दाखविले: माणसांना न्यावयास तुमचे दूत येतात असे ऐकले होते, आज आपण स्वतः कसे आलात? म्हणजे ही गाठ नित्याची नव्हे, हे खुद्द कथाच सांगते. वटपूजाही त्या आख्यानात नाही. ज्यांच्या दारी दूतच आले त्यांच्या पुण्याईत उणे होते, असे व्यासांनी कोठे म्हटलेले नाही. तो हिशेब आपण घरोघर मांडला, आणि मीही त्यात होतो.

नंतर शांतिपर्व उघडले. तेथे मृत्यू ही स्त्री आहे. ब्रह्मदेवाने प्राणिमात्रांचा संहार करावयास सांगितल्यावर ती रडू लागते. हे काम मजला नको म्हणून दीर्घ तप करते. तिचे अश्रू ब्रह्मदेव आपल्या ओंजळीत धरतो आणि पुढे तेच रोग होतात.

आक्कांनी चष्मा पुसला, पोथी माझ्या हातून घेतली आणि तेवढा भाग स्वतः पुन्हा, हळूहळू वाचला.