अर्धाकच्चा खेळ आणि बाजाराची पत

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात अनेक ठिकाणी सोयाबीनचे बियाणे उगवलेच नाही. हजारो शेतकऱ्यांनी तक्रारी केल्या, कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली. अशा वेळी नुकसान बियाण्याच्या किमतीपुरते राहत नाही. ओल निघून जाते, आणि एकदा फसलेला शेतकरी पुढे चांगल्या पिशवीकडेही संशयाने पाहतो.

त्याच वर्षी १० डिसेंबरला एका अगदी निराळ्या बाजारात असाच प्रकार घडला. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा व्हिडिओ गेम विक्रीस आला. सुमारे ८० लाख लोकांनी त्याची आगाऊ मागणी नोंदविली होती. परंतु जुन्या प्लेस्टेशन यंत्रांवर खेळ मध्येच बंद पडे, चित्रे अडखळत, पात्रे हवेत तरंगत. आठवडाभरातच सोनी कंपनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला आणि पैसे परत देऊ केले. तो पुन्हा त्या दुकानात आला तो जून २०२१ मध्ये.

अशा दोषाला संगणकाच्या भाषेत ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात. तो राहतो कसा? मोठ्या खेळात आज्ञांच्या लक्षावधी ओळी असतात, आणि खेळणारा कोणत्या क्षणी काय करील हे लिहिणाऱ्याला सांगता येत नाही. शिवाय यंत्रेही नाना प्रकारची. म्हणून खेळ पुनःपुन्हा खेळून दोष टिपणारे परीक्षक लागतात. लातूरकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ‘लातूर पॅटर्न’चे मर्म सराव परीक्षांतच आहे, चूक व्हायची ती सरावात व्हावी, बोर्डाच्या पेपरात नव्हे.

मग हा सराव का टळतो? याचे कारण हिशेबात आहे. विक्रीची तारीख वर्षभर आधी जाहीर होते, जाहिरातींवर पैसा ओतला जातो, भागधारक वाट पाहत असतात, आणि नाताळचा हंगाम गाठायचा असतो. काम लांबले की कात्री लागते ती शेवटच्या टप्प्याला, म्हणजे तपासणीला. त्यात इंटरनेटमुळे विकलेल्या खेळाला मागाहून ठिगळ लावता येते. त्याला ‘पॅच’ असेच म्हणतात. सोय मोठी खरी, पण तिच्यामुळे ‘आधी विकू, मग शिवू’ ही वृत्तीही बळावली. तपासणीचा खर्च अशा रीतीने गिऱ्हाइकाच्या माथी जातो.

ठिगळाची सोय नव्हती तेव्हा काय होई, हे अमेरिकेने पाहिले आहे. १९८२ साली अटारी कंपनीने एका लोकप्रिय चित्रपटावरील ‘ई. टी.’ हा खेळ नाताळासाठी अवघ्या पाचएक आठवड्यांत करून घेतला. तो पडला. न खपलेला माल १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डो येथे जमिनीत पुरला गेला. एका खेळाने बाजार बुडाला असे म्हणणे बरोबर होणार नाही. घाईने काढलेल्या निकृष्ट खेळांचा तेव्हा सुळसुळाट होता. पण १९८३ मधील सुमारे ३२० कोटी डॉलरांची घरगुती खेळांची उलाढाल १९८५ पर्यंत १० कोटींवर आली. पुढे निन्टेंडो या जपानी कंपनीने दर्जाची मोहोर सुरू केली, तेव्हा कुठे दुकानदार पुन्हा विश्वासू लागले.

कोणी म्हणेल, ‘सायबरपंक’ तर पहिल्या दहा दिवसांतच १ कोटी ३० लाख खपला. मग बिघडले काय? कंपनीने तो सुधारला, आणि सप्टेंबर २०२३ मधील मोठ्या दुरुस्तीनंतर त्याची वाखाणणीही झाली. खरे आहे. पण तीन वर्षे दुरुस्ती करीत बसण्याइतकी गंगाजळी किती जणांकडे असते? पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या चमूने ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवरील खेळ २०२० मध्ये काढला. त्यापूर्वी लोकवर्गणी जमविण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. अशा कारागिराला दुसरी संधी सहसा मिळत नाही. मोठ्यांनी गमावलेली पत छोट्यांना भरून द्यावी लागते, ती अशी.

केवळ थांबल्याने सारे साधते, असेही नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने आपल्या पुणे व मुंबई येथील शाखांकडे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या मालिकेतील एका जुन्या खेळाचे नवे रूप सोपविले होते. जानेवारी २०२१ ही तारीख ठरली, ती पुढे ढकलली गेली, मे २०२२ मध्ये काम कॅनडातील माँट्रियलला गेले, आणि जानेवारी २०२६ मध्ये खेळच रद्द झाला. तारीख जाहीर करण्यापूर्वी कामाचा अंदाज नीट घ्यावा, हा त्यातील बोध.

नांदेड-लातूरची अनेक मुले संगणकशास्त्र शिकून पुण्याची वाट धरतात. त्यांतील काहींच्या वाट्याला परीक्षकाचे काम येईल. ते दुय्यम मानू नये, असे आम्हांस आग्रहाने सांगावेसे वाटते. मालाची लाज राखणारा माणूस तोच असतो. आणि खेळ विकत घेणाऱ्या घरांनी आगाऊ पैसे भरण्याची घाई करू नये. चार आठवडे थांबावे, इतरांचा अनुभव ऐकावा. गिऱ्हाइकाने धीर धरला, तर कारखानदारालाही धीर धरणे परवडेल.