बोटावरचा चिमटा काय सांगतो, काय सांगत नाही?

मागच्या हिवाळ्यातील गोष्ट. सकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या गल्लीतील एक बाई धावत घरी आल्या. "डॉक्टर, मुलगी न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. आता शुद्धीवर आहे, पण डोके फार दुखते म्हणते. बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहिला, ९९ दाखवतो. झोपू देऊ का तिला?"

मी एकच प्रश्न विचारला, "पाणी कशावर तापवता?"

"गॅसच्या गिझरवर. न्हाणीघरातच बसवलाय."

मुलीला झोपू दिले नाही. गिझर बंद केला, दारे-खिडक्या उघडल्या आणि रिक्षाने तिला थेट रुग्णालयात नेले. रक्ताच्या खास तपासणीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सापडला. ऑक्सिजन दिल्यावर संध्याकाळपर्यंत ती सावरली.

आकडा ९९ आणि तरीही जीव धोक्यात, असे कसे झाले? हे समजण्यासाठी तो चिमटा काम कसा करतो ते पाहू.

वीज गेली की मुले बॅटरीच्या काचेवर तळहात दाबतात आणि अंधारात बोटे लालबुंद दिसतात. म्हणजे थोडा लाल प्रकाश मांसातून आरपार जातो. या लाल रंगाच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारे किरण असतात. विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने १८०० साली थर्मामीटरच्या साहाय्याने ते शोधले. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. त्यांपैकी लाल रंगाला लागून असलेले किरण शरीरात बरेच खोलवर शिरतात. कोणता पदार्थ कोणता प्रकाश किती शोषतो यावरून तो पदार्थ ओळखायचा, हे वर्णपटमापनाचे शास्त्र. धान्यातील ओलावा आणि प्रथिने तपासण्यासाठीही हेच किरण वापरतात.

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसातून ऑक्सिजन घेऊन सर्व शरीराला पोचवते. ऑक्सिजन घेतलेले रक्त लालभडक, तर ऑक्सिजन सोडलेले काळपट असते. काळपट रक्त लाल प्रकाश जास्त शोषते, लालभडक रक्त अवरक्त किरण जास्त शोषते. ऑक्सिमीटर बोटावर हे दोन्ही प्रकाश आळीपाळीने टाकतो व पलीकडे किती पोचला ते मोजतो. पण बोटात कातडी, हाड आणि शिरांतील रक्तही असते. त्यातून धमनीतले रक्त वेगळे कसे काढायचे? जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास त्यावर सुंदर तोड काढली. नाडीच्या ठोक्याबरोबर जेवढा प्रकाश कमी-जास्त होतो तेवढाच भाग धमनीचा! बाकीचा स्थिर भाग सोडून द्यायचा. त्यापूर्वी शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणारे डॉक्टर रुग्णाचे ओठ आणि नखे निळसर पडतात का यावर डोळा ठेवून असत.

शस्त्रक्रियागृहातले हे यंत्र आपल्या घरात आले ते कोरोनाच्या साथीत. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले रुग्ण सापडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य शासनाने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम काढली, तेव्हा आरोग्यसेविका ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या. एप्रिल २०२१ मध्ये माझ्या दवाखान्यात एक काका म्हणाले, "डॉक्टर, ९६ आहे, मला काही झालेले नाही." मी त्यांना सहा मिनिटे चालायला लावले. आकडा ८८ वर आला. त्याच दिवशी ते रुग्णालयात दाखल झाले, म्हणून वाचले. पुढे जुलै २०२१ मध्ये केंद्राने या यंत्रावरील विक्रेत्यांच्या नफ्याला मर्यादा घातली.

आता त्या मुलीकडे वळू. बंद न्हाणीघरात गॅस पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. असे रक्तही लालभडकच दिसते. दोनच प्रकाशांनी पाहणारे साधे यंत्र फसते आणि त्याला ऑक्सिजन समजते.

यंत्र इतरही कारणांनी चुकते. हात गार असणे, बोट हलणे, नखांवर गडद रंग असणे ही नेहमीची कारणे. कातडीच्या रंगाचाही परिणाम होतो. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत काळ्या रुग्णांमधील ऑक्सिजनची कमतरता यंत्राच्या नजरेतून सुमारे तिप्पट वेळा सुटल्याचे दिसले. आपल्यातही सावळ्या वर्णाचे लोक पुष्कळ, म्हणून हे ध्यानात ठेवावे.

हे किरण कवटीतूनही आत जातात. अमेरिकेतील फ्रान्स यॉब्सिस यांनी १९७७ साली त्यांच्या साहाय्याने मेंदूतील ऑक्सिजन बाहेरून पाहता येतो हे दाखवले. आपल्या देशातही हे काम पुढे गेले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, भोपाळचे एम्स, बेंगळुरूचे निम्हान्स व अहमदाबादची बायोस्कॅन रिसर्च यांनी मिळून 'सेरेबो' हे हातात धरण्याजोगे उपकरण तयार केले. त्याची माहिती २०२५ साली परिषदेने दिली. डोक्याला मार लागल्यावर आत रक्तस्राव वा सूज आहे का, याचा अंदाज ते मिनिटभरात देते. ते सी. टी. स्कॅनची जागा घेत नाही; पण स्कॅनची सोय दूर असलेल्या गावात कोणाला आधी हलवायचे हे ठरवायला त्याची मदत होऊ शकते.

वाचकांनी एवढे करावे. ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, हात ऊबदार ठेवावा आणि आकडा स्थिर झाल्यावरच वाचावा. निरोगी माणसात तो साधारणपणे ९५ ते १०० असतो. धाप, छातीत दुखणे, गुंगी किंवा ओठ निळे पडणे यांपैकी काहीही असेल तर आकडा चांगला असला तरी डॉक्टरांकडे जावे. आणि गॅसचा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्यावा. त्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी तो बाहेर काढून घेतला.