तलावाचा निर्णय गावाने कसा घ्यावा

गोंदिया जिल्ह्यात गाव तिथे तलाव. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ते ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, झाले.

समजा, आपल्या गावच्या तलावात बेशरम ही तणवनस्पती माजली आहे, मासळी घटली आहे आणि उपाय ग्रामसभेला ठरवायचा आहे. शंभर माणसे नुसती जमल्याने शंभर जणांचे शहाणपण हाती लागत नाही. त्याची तयारी सभेच्या आधीच करावी लागते.

सुरुवात विचारपूस करण्यापासून. मासा कोणत्या पाणवनस्पतीत अंडी घालतो, हे मासेमारी करणाऱ्या ढिवराला ठाऊक. तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, किती उघडले की धानाच्या शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचते, हे धानवाल्याला ठाऊक. घाटावरचे पाणी कधी बिघडते, हे धुणे धुणाऱ्या बाईला विचारावे. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने हीच वाट धरली. मासे आणि पाणवनस्पतींची माहिती ढिवरांकडूनच गोळा केली. मग बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या.

मग अभ्यासगट. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने ही पद्धत रुजवली: विषय आधी निवांत बसून समजून घ्यायचा, तिथे निर्णय करायचा नाही. निर्णय ग्रामसभेचा.

आता प्रत्यक्ष सभा. बहुतेक गावांत घोटाळा इथेच होतो. वजनदार माणूस पहिला बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. म्हणून मागे बसलेल्यांना आधी बोलू द्यावे. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असे कायदाच सांगतो. पण रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या, तर ती सभा झालीच नाही असे समजावे.

हात वर करून मोजणी करण्याची घाई नको. ढिवरांची घरे थोडी, धानवाल्यांची जास्त. मोजणी झाली तर पाणी दरवेळी धानालाच जाईल. तलाव तळापर्यंत उपसला की पुढच्या वर्षीचे मासळीचे बीजही गेले. मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीने होतो, कोणाची हरकत असेल तर विषय पुन्हा चर्चेला येतो. वेळ लागतो, पण तलावात किती पाणी राखायचे याचा दोघांना पटेल असा आकडा अशाच चर्चेतून निघतो. मला हीच पद्धत न्याय्य वाटते.

ठरलेले त्याच सभेत लिहून, वाचून दाखवावे. उन्हाळ्यात पाळीवर उभे राहून ते पुन्हा तपासावे. चुकले असेल तर बदलावे.

पुढच्या ग्रामसभेच्या आधी एका ढिवराला आणि एका धानवाल्याला सोबत घेऊन आपण तलावाला एक फेरी जरूर मारा.