इंग्रजीचा तास आणि मराठी वाङ्मय

विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल या नावाची खाजगी शाळा उघडली, पुढल्याच वर्षी गोपाळ गणेश आगरकर तीत येऊन मिळाले, आणि तिच्यातूनच १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले, हा वृत्तांत महाराष्ट्रातील सुशिक्षितांना बहुधा मुखोद्गत असतो. या वृत्तांतात स्वार्थत्याग आहे, राजकारण आहे आणि पुढे विकोपास गेलेले मतभेदही आहेत. परंतु ही मुळात इंग्रजी शिकवण्याची शाळा होती, आणि तेथे ती भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांनी व शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी तिचे पुढे काय केले, हा तिच्या चरित्रातील माझ्या मते सर्वांत फलदायी भाग सहसा ओझरताच सांगितला जातो.

शाळा काढण्यापूर्वी विष्णुशास्त्री सरकारी शिक्षणखात्याच्या नोकरीत होते. रत्नागिरीस झालेली बदली आणि तेथून दिलेला राजीनामा यांची हकीकत प्रसिद्धच आहे. १८७४ पासून ते ‘निबंधमाला’ लिहीत होते, आणि मराठी भाषेचा कैवार घेणाऱ्या त्याच मालेत त्यांनी इंग्रजी भाषेवर आणि डॉक्टर जॉन्सनवरही लिहिले, हे विसरता येत नाही. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे मराठी भाषांतर त्यांचे वडील कृष्णशास्त्री यांनी आरंभिले होते, ते विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणणारे शास्त्रीबुवा एवढीच त्यांची ओळख आता पुष्कळांच्या मनात उरली आहे. तथापि जॉन्सन व मेकॉले यांची वाक्यरचना ज्याने मनापासून उपभोगली आणि जिच्या परिशीलनाने आपल्या मराठी गद्याला पल्ला व ठसका आणला, अशा लेखकाने स्वतः वर्गावर उभे राहून मुलांना शिकवावे, ही त्या शाळेला लाभलेली पहिली पुंजी होती. ती फार काळ टिकली नाही. १७ मार्च १८८२ रोजी, वयाची बत्तीस वर्षेही पुरी होण्याआधी, विष्णुशास्त्री निवर्तले.

त्या काळच्या हायस्कुलातील इंग्रजीचा तास कसा चाले हे आज थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ती पद्धत आपल्या डोळ्यांआड झाली आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची मॅट्रिक्युलेशनची परीक्षा हा प्रत्येक हायस्कुलाचा अंतिम घाट ठरला. वरच्या इयत्तांतून गणित व इतिहास हे विषयही इंग्रजीतूनच शिकावे लागत. मुलाला नेमलेला उतारा मोठ्याने वाचून दाखवावा लागे, त्यातील प्रत्येक पदाचे व्याकरण चालवावे लागे, वाक्याचे पृथक्करण करून मुख्य वाक्य कोणते आणि गौण कोणते हे सांगावे लागे, कविता तोंडपाठ म्हणावी लागे, आणि या सर्वांवर कळस म्हणून इंग्रजीचे मराठी व मराठीचे इंग्रजी असे दुहेरी भाषांतर करावे लागे. या रीतीत घोकंपट्टी पुष्कळ होती, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. परंतु एकाच आशयासाठी दोन भाषांत झगडणाऱ्या मुलाला स्वतःच्या भाषेची ठेवण जशी प्रथमच दिसू लागते तशी ती अन्य कोणत्याही उपायाने दिसत नाही, असे मला वाटते. आणि याचा पुरावा खुद्द या शाळेच्या शिक्षकांनीच ठेवला आहे. आगरकरांनी १८८८ साली ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तक लिहून, इंग्रजीच्या वर्गात रोज चालणारे वाक्याचे विच्छेदन मराठी वाक्याला लावून दाखवले. वामन शिवराम आपटे या शाळेचे सुपरिंटेंडेंट होते, आणि १८८२ च्या हंटर कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली होती. संस्कृत रचना शिकवणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८१ साली निघाले, आणि १८९० साली त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला, जो आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. शाळेच्या रोजच्या तासांतून असे ग्रंथ निर्माण व्हावेत, हे भाग्य थोड्याच शाळांच्या वाट्याला येते.

याहूनही मनोज्ञ आहे ती ‘विकारविलसिता’ची कथा. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे हे मराठी रूपांतर आगरकरांनी १८८३ साली प्रसिद्ध केले. तर्ककठोर, समाजसुधारणेचा आग्रही पुरस्कर्ता असा जो आगरकर आपल्या परिचयाचा आहे, त्याने डेन्मार्कच्या त्या संशयग्रस्त राजपुत्राला चंद्रसेन हे नाव देऊन मराठीत बोलते करावे, ही घटना वरवर पाहता विसंगत वाटते. पण ज्याच्या मनात विचार व विकार यांचा कलह अहोरात्र चाललेला असतो असा नायक आगरकरांसारख्या विचारवंताला आपलासा वाटला यात नवल नाही. पुस्तक निघाले आणि त्याचा सर्वांत विस्तृत समाचार घेतला तो या शाळेच्याच एका विद्यार्थ्याने. हरि नारायण आपटे हे त्या वेळी विशीच्या आतबाहेरचे होते. विष्णुशास्त्र्यांच्या निधनानंतर ‘शिष्यजनविलाप’ हे काव्य लिहून त्यांनी आपली गुरुभक्ती आधीच व्यक्त केली होती. त्याच तरुणाने आगरकरांच्या भाषांतरावर ‘निबंधचंद्रिके’त ७२ पृष्ठांचे परीक्षण लिहिले. ज्याच्या शाळेत आपण शिकलो त्या शिक्षकाच्या ग्रंथाची इतक्या बारकाईने आणि निर्भीडपणे चिकित्सा शिष्याने करावी, हे धाडस त्याला कोठून आले? माझे उत्तर असे की, ते त्याच शाळेने दिले. भाषांतर हा चूक-बरोबर ठरवून निकालात काढण्याचा विषय नसून शब्दाशब्दावर वाद घालण्याचा विषय आहे, हा संस्कार ज्या मुलांवर झाला असेल, तीच गुरूच्या लेखणीलाही हिशेब विचारू शकतात. पुढे ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिणारा कादंबरीकार या परीक्षणातच घडत होता, असे मी मानतो.

शेक्सपिअरच्या भाषांतरात आगरकर एकटे नव्हते. त्यांचे सहकारी आणि इंग्रजीचे अध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी ‘टेमिंग ऑफ द श्रू’ची ‘त्राटिका’ केली. शाहूनगरवासी नाटक मंडळीने हे नाटक आणि ‘विकारविलसित’ ही दोन्ही रंगभूमीवर आणली, आणि गणपतराव जोशी यांच्या भूमिकांनी ती गाजवली. ज्यांनी इंग्रजीचे अक्षर गिरवले नव्हते अशा प्रेक्षकांपर्यंत शेक्सपिअर या मार्गाने पोहोचला. याच शिक्षकमंडळीने जानेवारी १८८१ पासून ‘केसरी’ मराठीत आणि ‘मराठा’ इंग्रजीत चालवले; पुढे आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला, तेव्हा त्याची इंग्रजी बाजू सांभाळली ती याच शाळेत शिक्षकी आरंभिलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी. सकाळी वर्गावर आणि सायंकाळी छापखान्यात, दोन्ही ठिकाणी दोन्ही भाषांचा व्यवहार एकाच लेखणीने करणाऱ्या माणसांकडून मुले शिकत होती. नेमलेल्या पुस्तकाहून हाच त्यांचा मोठा धडा असला पाहिजे.

या शाळेच्या पटावरील आणखी एक नाव घेतल्यावाचून हा परिचय पुरा होणार नाही. कोकणातून आलेले कृष्णाजी केशव दामले १८८४ च्या सुमारास येथे दाखल झाले आणि १८८९ साली मॅट्रिक झाले. तोवर त्यांची विशी उलटून गेली होती, आणि परीक्षेच्या मापाने मोजले तर ते सामान्य विद्यार्थीच ठरले असते. तेच केशवसुत. इंग्रजी कवितेचे वाचन त्यांनी परीक्षेपुरते ठेवले नाही. तिची भाषांतरे केली, तिच्यातील चौदा ओळींचा बंध उचलून १८९२ साली ‘मयूरासन आणि ताजमहाल’ या कवितेने मराठीत सुनीत आणले, आणि पोटासाठी ठिकठिकाणी शिक्षकाची नोकरी करीत १९०५ साली ते गेले. त्यांच्या कवितांचा संग्रह १९१७ साली प्रसिद्ध केला तो हरिभाऊ आपट्यांनीच. एकाच शाळेचे दोन विद्यार्थी, एक आधुनिक मराठी कादंबरीचा आणि दुसरा आधुनिक मराठी कवितेचा प्रवर्तक, आणि एकाने दुसऱ्याचे काव्य रसिकांच्या हवाली करावे, यात योगायोगाचा अंश असेल, पण सगळाच योगायोग नाही.

या शाळेचा लाभ तेव्हा मुख्यतः वरिष्ठ वर्णांतील मुलांना झाला, आणि मुलींना हायस्कुलाचे शिक्षण मिळण्यासाठी पुण्यात १८८४ साली हुजूरपागेची वेगळी शाळा निघावी लागली, ही उणीव मोठी आहे आणि ती स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत मराठीला स्थान नव्हते, हेही खरे. मराठीसाठी जे झाले ते अभ्यासक्रमाच्या आज्ञेवाचून झाले, म्हणूनच त्याचे मोल अधिक.

आज इंग्रजी शाळा आणि मराठी शाळा असे दोन तट पडले आहेत, आणि दोन्हीकडे भाषांतराचा तास नाहीसा झाला आहे. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारणे अपराध मानले जाते आणि मराठीच्या तासाला इंग्रजी पुस्तकाचे नावही निघत नाही. माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि भाषाशिक्षकांना माझी विनंती आहे, की आठवड्यातून एक तास तरी दोन्ही भाषांच्या शिक्षकांनी एकत्र घ्यावा. एखादी इंग्रजी कविता किंवा नाटकातील प्रवेश फळ्यावर लिहावा, मुलांना तो मराठीत आणू द्यावा, आणि मग शिक्षकाने स्वतः केलेले भाषांतरही त्यांच्यापुढे परीक्षणासाठी ठेवावे. त्यासाठी शिक्षणखात्याच्या मंजुरीची किंवा नव्या इमारतीची जरुरी नाही. येत्या सहामाहीपासून त्याला आरंभ करता येईल.