कॉफीचं दळण

मुलुंड पश्चिमेला स्टेशनातून बाहेर पडलं की रिक्षांचा धूर, गजऱ्यांच्या टोपल्या, इडलीची वाफ. या सगळ्यातून भाजक्या बियांचा कडसर वास येतो. त्या वासामागे वळलं की दुकान सापडतं.

मार्चअखेरचा रविवार. नऊ वाजायचेत, पण ऊन पत्र्यावर चढलंय. दुकान म्हणजे एक अरुंद गाळा, त्यामुळे रांग फुटपाथवर. माझ्यापुढे अकरा माणसं. कुणाच्या हातात स्टीलचा डबा, कुणाच्या हातात घडी घातलेली पिशवी. पुढच्या मामी पदराने मान पुसतात. चक्की सुरू झाली की बोलणं थांबतं. बंद झाली की तुटलेलं वाक्य तिथूनच पुढे चालू होतं.

"अर्धी पीबेरी, अर्धी प्लांटेशन ए. चिकोरी वीस टक्के."

"आम्हाला चिकोरी नको हो अण्णा. फिल्टरचं दळा."

रांग एक पाऊल सरकते. आता आतला भाग दिसतो. भट्टीचं पिंप फिरतंय. हिरवट बी आधी पिवळी पडते, मग तपकिरी, मग तडतडायला लागते. भाजणारा पोरगा घामाने निथळतोय, पण नजर बियांवरून हलत नाही. किलोभर कच्ची बी भाजून साडेआठशे ग्रॅमच्या आसपास उरते. अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला तरी घाणा करपतो.

भट्टीशेजारी नवं पोतं. अण्णा सुतळी कापतात, मूठभर बी थाळीत पसरतात, बोटाने काळी बी बाजूला काढतात. दोनच निघतात.

"अराकूची आहे. तिथल्या शेतकऱ्यांच्या गटाकडून थेट मागवतो," ते सांगतात.

अराकू म्हणजे आंध्रातलं पूर्व घाटातलं खोरं. आदिवासी कुटुंबांच्या लहान लहान बागा, सिल्व्हर ओकची सावली, त्याच खोडांवर चढलेले मिरीचे वेल. तिथल्या अरेबिकाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण थाळीतल्या दोन काळ्या बियांमागे मानांकनापेक्षा साधं कारण आहे. कॉफीचं फळ एका फांदीवरही एकदम पिकत नाही. लाल तेवढं हाताने खुडायचं, पुन्हा आठ-दहा दिवसांनी यायचं. आणि खुडलेलं त्याच दिवशी सोलायचं, नाहीतर ते आंबतं. सोलणी यंत्र एकट्याला परवडत नाही. मग कच्चं-पक्कं एकत्र ओरबाडून अंगणात वाळवायचं आणि दारात आलेला व्यापारी म्हणेल त्या भावाला द्यायचं. गट असला की संध्याकाळी फळ केंद्रावर जातं. आपल्याकडे गावच्या डेअरीवर दूध घालतात तसंच: वजन, नोंद, पावती. साधारण सहा किलो फळांतून एक किलो बी निघते. म्हणजे या पन्नास किलोंच्या पोत्यात तीनशे किलो फळ आहे, आणि ते एका घरचं नाही.

देशातल्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णवहून अधिक कॉफीबागा दहा हेक्टरच्या आतल्या. एके काळी सगळी कॉफी सरकारी मंडळाकडे जमा करावी लागे. नव्वदच्या दशकात ती सक्ती उठली. विकायची मोकळीक आली, पण भावाची चढउतार थेट बागेच्या दारात आली. मला वाटतं, लहान शेतकऱ्याला एकत्र येण्याची खरी निकड तेव्हापासूनची आहे.

"आपल्या महाराष्ट्रात होत नाही का हो?" मागून एक काकू विचारतात.

"होते ना, चिखलदऱ्याला."

"अगंबाई! सहलीला गेलो होतो की आम्ही." काकू थाळीतली एक बी उचलून वास घेतात. "हिला तर गवताचा वास येतोय."

"भाजल्याशिवाय वास येत नाही, काकू."

ऊन आता पायरीवर. कुणीतरी पंखा आपल्याकडे वळवायला सांगतं. वीस टक्केवाल्या मामी आपलं पाकीट गालाला लावून बघतात. गरम आहे.

माझा नंबर येतो आणि अण्णांचा फोन वाजतो. तिकडून गटाचा हिशेब बघणारा मुलगा बोलतोय. अण्णा खांद्यात फोन धरून वही उघडतात. मोडक्या हिंदीत सांगतात, पोतं मिळालं, माल चांगला आहे, उरलेले पैसे आजच सोडतो, आणखी दोन पोती बांधा. वहीत तारीख घालतात, आकडा लिहितात, पुन्हा एकदा मोठ्याने वाचून दाखवतात.

रांग थांबलेली. कुणी कुरकुरत नाही.

"हं, बोला. किती देऊ?"

"पाव किलो. या पोत्यातली."

"ती अजून कच्ची आहे. वीस मिनिटं लागतील."

मी बाजूला होतो. पोरगा पिंपात नवा घाणा ओततो.