पाळायचे तर दहा तरी

टायगर बार्ब भांडखोर असतो, हे मला मान्य नाही. जर्मनीतल्या येना शहरात मराठी घरं मोजकी, त्यामुळे कुणाकडे फिशटँक आला की निरोप माझ्याकडे येतो: "ताई, एक मासा बाकीच्यांच्या शेपट्या कुरतडतोय, जरा बघायला याल का?" माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "असे पट्टेवाले किती आहेत?" उत्तर बहुतेक वेळा "दोन". फार तर तीन. शोभेचे मासे जोडीने घ्यायची आपली सवय इथंही सोबत आलेली असते. मात्र या माशाला जोडी पुरत नाही. त्याला निदान दहा जणांचा कळप लागतो, आणि त्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या आकड्यात सापडतं.

मासा लहानसा, पूर्ण वाढला तरी सहा-सात सेंटिमीटरचा. अंग सोनेरी आणि त्यावर चार काळे उभे पट्टे, पहिला थेट डोळ्यावरून जाणारा, शेवटचा शेपटीच्या बुडाशी. नराचं नाक आणि पर लालभडक, मादी पोटाशी भरलेली आणि रंगाने थोडी फिकी. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, राहिलेले डच लष्करी डॉक्टर पीटर ब्लेकर यांनी १८५५ मध्ये या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं. मूळ घर सुमात्रा आणि बोर्निओच्या जंगलांतले ओढे. म्हणून जर्मन दुकानात तो 'सुमात्रा-बार्बे' या नावाने मिळतो. दुकानातले मासे आता बहुतेक मत्स्यशेतीत वाढलेले असतात. शेवाळी हिरवा किंवा पांढुरका 'अल्बिनो' दिसला तर तो वेगळा मासा समजू नका. जात तीच, गरजाही त्याच.

आता कळपाचं. टायगर बार्बमध्ये मानाची उतरंड असते. कोण पुढे, कोण मागे, हे रोज पाठलाग करून, अंगाला अंग भिडवून, तोंडासमोर तोंड आणून ठरवलं जातं. दोनच मासे असले की वरचढ मासा दिवसभर एकाच्याच मागे लागतो. तो दुसरा कोपऱ्यात, हीटरच्या मागे दबून बसतो, खायला पुढे येत नाही आणि रंग सोडतो. तीन-चार असले तर सगळ्यात दुबळ्याच्या वाट्याला सगळ्यांचा त्रास येतो. आणि टँकमध्ये दुसऱ्या जातीचे संथ मासे असतील, तर हा सगळा उत्साह त्यांच्या लांब परांवर उतरतो. दहा-बारा झाले की चित्र पालटतं. पाठलाग थांबत नाही, पण तो वाटला जातो. एकाच्या मागे लागलेला मासा दोन क्षणांत तिसऱ्याकडे वळतो आणि कुणाचे पर फाटत नाहीत. शेजारच्या माशांकडे लक्ष द्यायला त्यांना फारशी सवडच राहत नाही.

हे एकत्र राहणं निसर्गात जीव वाचवण्यासाठी आहे. घोळक्यात प्रत्येकाचा धोका कमी होतो, पाळतीवर डोळे जास्त असतात, आणि झपाट्याने वळणाऱ्या पट्ट्यांमध्ये एकच सावज हेरणं शिकाऱ्याला अवघड जातं. माशाच्या दोन्ही कुशींवर पाण्याची हालचाल टिपणारी एक संवेदनरेषा असते. ब्रायन पार्ट्रिज आणि टोनी पिचर या संशोधकांनी १९८० मध्ये सेद नावाच्या समुद्री माशांच्या डोळ्यांवर तात्पुरती झापडं बसवून पाहिलं. मासे तरीही थव्यात पोहत राहिले. शेजाऱ्याचं वळण त्यांना अंगावरच्या पाण्यातून कळत होतं.

शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांचा शोध तर घरच्या टँकमध्ये थेट उपयोगाचा आहे. कार्प कुळातल्या एका छोट्या माशाची कातडी खरचटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात उतरतं आणि त्याच्या वासाने सारा कळप घाबरतो, हे त्यांनी १९३८ मध्ये मांडलं. टायगर बार्बही त्याच गोतावळ्यातला. म्हणून जाळीने मासा पकडताना घाई करू नका. मी जाळी स्थिर धरते आणि दुसऱ्या हातातल्या डब्याने माशाला हळूहळू तिच्याकडे वळवते. एकाला ओरखडा उठला तर त्याची भीती सगळ्यांपर्यंत पोचते.

एका गोष्टीने मात्र घाबरू नका. विसावलेला टायगर बार्ब पुष्कळदा डोकं खाली करून तिरका लोंबकळतो. अंगावर रंग असेल आणि खाणं टाकताच तो झेपावत असेल, तर तो निरोगी आहे.

दहा माशांना पोहायला लांबी हवी. जर्मनीत ८० सेंटिमीटर लांबीचा ११२ लिटरचा टँक सर्रास मिळतो. तो किमान समजा, एक मीटरचा मिळाला तर उत्तम. मागे आणि बाजूंना दाट झाडं, मधे मोकळी जागा. पाणी, काच, वाळू धरून ११२ लिटरच्या टँकचं वजन सहज दीडशे किलोवर जातं, त्यामुळे जुन्या लाकडी जमिनीच्या घरात तो भिंतीलगत ठेवावा आणि आधी घरमालकाशी बोलून घ्यावं. भाड्याच्या घरात मासे पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही. पाणी खालच्या मजल्यावर झिरपलं तर जबाबदारी मात्र आपली, म्हणून विमा काय भरून देतो ते आधी वाचून ठेवा.

येनाभोवतीच्या टेकड्या चुनखडीच्या आहेत. झाले नदीच्या खोऱ्यातून वर पाहिलं की त्यांचे पांढुरके कडे दिसतात. अशा खडकातून झिरपलेलं पाणी जड होतं, इथल्या किटलीच्या तळाशी साचणारा पांढरा थर त्याचाच. जर्मनीत जडपणा अंशांत मोजतात: लिटरमागे १० मिलिग्रॅम चुना म्हणजे एक अंश, आणि १४ अंशांच्या वर पाणी 'जड' धरलं जातं. सुमात्राच्या ओढ्यांचं पाणी मऊ आणि किंचित आम्ल असतं. तरी मत्स्यशेतीत वाढलेला टायगर बार्ब बऱ्यापैकी जड पाण्यात रुळतो. त्याला सोसत नाही तो रोजचा बदल. आज हे औषध, उद्या ती पावडर, असं करून आकड्यामागे धावू नका.

खरी काळजी घ्यायची ती नव्या टँकची. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. एका गटातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते त्यामानाने सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत वस्ती करतात आणि वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू ठेवून रिकाम्या टँकमध्ये रोज चिमूटभर खाणं टाका, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मगच मासे आणा. जड पाण्याचा सामू सहसा वरचा असतो, आणि सामू वर गेला की अमोनिया जास्त घातक होतो, म्हणून येनासारख्या ठिकाणी हा धीर दुप्पट हवा. स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. जर्मनीत नळाच्या पाण्यात बहुतेक ठिकाणी क्लोरीन नसतं. महाराष्ट्रात नगरपालिकेच्या पाण्यात ते असतं, तिथं अँटिक्लोरीन घातल्याशिवाय पाणी टँकमध्ये ओतू नका.

तापमान २३ ते २६ अंश. हिवाळ्यात हीटर ते सांभाळतो. उन्हाळ्यात झालेचं खोरं तापतं आणि वरच्या मजल्यांवरचे टँक सहज तिशीला जातात. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशांना सुमारे ७.६. त्या दिवसांत टँकवरचा दिवा कमी वेळ लावा, एअर पंप रात्रभर चालू ठेवा आणि खाणं निम्मं करा. एरवी दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच खाणं. त्यात गोठवलेल्या डासांच्या अळ्या, डॅफ्निया आणि उकडून सोललेला मटारही असू द्या.

शेजारी निवडताना फायटर, गोरामी, एंजल आणि गप्पी टाळा. लांब पर आणि संथ चाल, दोन्ही इथं धोक्याचं. आपल्या गंगेच्या खोऱ्यातला चपळ झेब्रा डॅनिओ यांच्याबरोबर छान नांदतो, अर्थात तोही कळपानेच.

येनात राहून हे लिहिताना अर्न्स्ट हेकेल आठवणारच. १८६६ मध्ये इथंच प्राध्यापक असताना त्यांनी सजीव आणि त्याचा भोवताल यांच्या नात्याच्या अभ्यासाला 'इकॉलॉजी' हे नाव दिलं. १८८१ च्या नोव्हेंबरमध्ये ते मुंबईत उतरले होते, कार्ल्याची लेणी पाहून पुढे श्रीलंकेला गेले. १९००-०१ मध्ये ते सुमात्रालाही जाऊन आले. त्यांनी उभारलेल्या फिलेटिक म्युझियमच्या छतावर जेलीफिशची नक्षी आहे, येनात आलात तर जरूर पाहा. त्यांचे वंशविषयक विचार आज कुणी स्वीकारू नयेत, पण प्राण्याचा स्वभाव त्याच्या भोवतालासकट पाहायचा ही दृष्टी मोलाची आहे. टायगर बार्बच्या भोवतालात पाणी आणि झाडं येतात तसे त्याचे जातभाईही येतात.

जर्मनीचा प्राणीसंरक्षण कायदाही हेच मागतो: पाळलेल्या प्राण्याचं खाणं, काळजी आणि जागा त्याच्या जातीच्या गरजेप्रमाणे असली पाहिजे. मासे त्यातून वगळलेले नाहीत. २००२ मध्ये प्राणीसंरक्षण इथल्या राज्यघटनेतही आलं.

तेव्हा तुमच्याकडे टायगर बार्बची जोडी असेल आणि टँकमध्ये जागा असेल, तर आणखी आठ आणा. जागा नसेल तर ज्याच्याकडे कळप आहे त्याला ती जोडी देऊन टाका. नदीत किंवा तळ्यात कधीही सोडू नका, झालेत नको आणि कृष्णेतही नको. आणि एकच मासा पाळायची हौस असेल तर नर फायटर आणा. झाकण, फिल्टर आणि हीटर असलेल्या पंचवीस-तीस लिटरच्या टँकमध्ये तो एकटा सुखाने राहतो, कारण एकटं राहणं हीच त्याची गरज आहे.