रिंगणातून रानवाटेकडे

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे १७३५ साली बांधून पूर्ण झालेले घोडेस्वारीचे एक भव्य दालन आहे. तेथे झुंबरांखाली पांढरेशुभ्र लिपिझ्झान घोडे एका तालात पावले टाकू लागले की पाहणारा थक्क होतो. परंतु या घोड्यांचे बालपण त्या दालनात जात नाही, हे थोड्यांनाच ठाऊक असते. जन्मतः काळसर असलेली ही शिंगरे उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणांत वाढतात. खडक, उतार आणि वारावादळ यांची ओळख त्यांना आधी होते. रिंगणाची शिस्त मागाहून येते.

जगातील कित्येक रिंगणी घोड्यांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. त्यांची बारा-पंधरा वर्षे सपाट, मऊ वाळूत, एकाच कुंपणाच्या आत सरतात. मग वय विसाच्या घरात जाते, सांधे आखडू लागतात आणि लहान वर्तुळातली दौड झेपेनाशी होते. आता या जनावराचे काय करावे? चांगली निगा असेल तर घोडा पंचवीस ते तीस वर्षे जगतो. विकावा, तर तो कोणाच्या हाती पडेल याचा भरवसा नाही; ठाणावर बांधून ठेवावा, तर सांधे अधिकच आखडतात. तिसरा मार्ग रानवाटेचा. सरळ वाटेवरील संथ चालीने सांध्यांना हालचाल मिळते आणि वळणावळणाचा ताण टळतो. हा मार्ग उत्तम खरा. पण घाईने धरला तर घातक.

पहिले पाऊल रानात नव्हे, पागेतच टाकावे. पशुवैद्याकडून सांधे, हृदय आणि दात तपासून घ्यावेत. म्हाताऱ्या घोड्याचे दात झिजलेले असले की चारा नीट चावला जात नाही आणि अंगी ताकद येत नाही. उतारवयात पाठीचे मांस ओसरते. म्हणून जुने खोगीर कोठे रुतते काय, हे हाताने चाचपून पाहावे. नालबंदाला तर आधीच बोलवावे, कारण वाळूला सरावलेले खूर दगडगोट्यांनी दुखावतात. सुमारे २,४०० वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक लेखकाने सांगून ठेवले आहे की, खूर बळकट व्हावेत म्हणून पागेबाहेरील अंगणात गोल गोटे पसरावेत. सांगण्याचे मर्म एवढेच की, कठीण जमिनीची सवय थोडी थोडी लावावी.

प्रारंभी सपाट वाटेवर वीस-तीस मिनिटांची चाल पुरे. मग अंतर वाढवावे, त्यानंतर चढ घ्यावा आणि सर्वांत शेवटी उतार. कारण उतरताना सारा भार पुढच्या पायांवर येतो. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. येथे एक फसगत संभवते. घोड्याचा दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. परंतु शिरा आणि हाडे कणखर होण्यास महिने लागतात. म्हणून घोडा उत्साहाने पुढे ओढू लागला, तरी स्वाराने भुलू नये. विसाव्याच्या वेळी त्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ पडते. फेरीनंतर पंधरा मिनिटे विसावा देऊनही ती ६४ च्या वर राहिली, तर त्या दिवशीचे काम जास्त झाले असे समजावे.

शरीरासारखीच मनाचीही तयारी हवी. घोड्याला जवळजवळ चोहोंकडचे दिसते. मात्र उजेडातून गर्द सावलीत शिरताना त्याचे डोळे माणसापेक्षा सावकाश सरावतात. झाडीच्या तोंडाशी तो थबकला, तर तो हट्ट नव्हे. त्याला उभे राहू द्यावे, पाहू द्यावे, हुंगू द्यावे. पहिल्या काही फेऱ्या पायी चालत, त्याला हाताने धरून कराव्यात; पुढे वाटेचा माहीतगार असा एखादा शांत घोडा असला तर फारच उत्तम.

तथापि, खरी अडचण घोड्याची नसून स्वाराची असते. रिंगणात प्रत्येक पाऊल स्वाराच्या आज्ञेने पडते. रानात पाऊल कोठे टाकावे हे घोड्यालाच अधिक कळते. माथेरानच्या तांबड्या वाटांवर पर्यटकांना घेऊन जाणारे घोडे ज्यांनी पाहिले असतील, त्यांनी आठवून पाहावे : अवघड जागी घोडा मान खाली घालून, दगड चुकवीत, आपली वाट आपणच निवडतो. लगाम ताणून धरलेला असेल, तर त्याला हे करता येत नाही. म्हणून वर्षानुवर्षे हुकूम करणाऱ्या हाताला आता विश्वास टाकण्यास शिकावे लागते.

ज्याने तारुण्याची सारी वर्षे आपल्या इशाऱ्यावर फिरण्यात घालविली, त्याच्यासाठी म्हातारपणी लगाम थोडा सैल सोडणे, एवढे तरी मालकाने करावे. त्यात दयेपेक्षा कृतज्ञतेचा भाग अधिक आहे.